चूक कोणाची? एका गोड द्रावकाचा इतिहास

एखाद्या सदोष वस्तूमुळे माणसे दगावली की समाजात साधारणपणे दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली म्हणजे 'कोणाला तरी पकडा'. मग एखादा तंत्रज्ञ, दुकानदार किंवा डॉक्टर गजाआड जातो आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. दुसरी म्हणजे 'सगळी व्यवस्थाच किडलेली आहे'. असे एकदा म्हटले की कोणा एकाला जाब विचारण्याची गरज उरत नाही. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत, पण दोन्हींत कोणीतरी सुटून जाते. पहिलीत कंपनी सुटते, दुसरीत माणूस सुटतो.

या प्रश्नाचा नुसता तात्त्विक काथ्याकूट करण्यापेक्षा एका पदार्थाच्या इतिहासाचा आधार घेऊन विचार करणे आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते. हा पदार्थ म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल. रंगहीन, दाटसर, चवीला गोड. रंग, छपाईची शाई, ब्रेकचे तेल, गोठणरोधक द्रव अशा उद्योगांत त्याचा सर्रास वापर होतो. तेथे तो उपयुक्त आहे. माणसाच्या पोटात गेला तर मात्र घातक आहे. १९३७ पासून २०२५ पर्यंत त्याने वेगवेगळ्या देशांत, जवळजवळ एकाच पद्धतीने, शेकडो बळी घेतले आहेत. त्यांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे.

सल्फा औषधांचा उदय

१९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याच्या जंतुनाशक गुणाबद्दलचे संशोधन प्रसिद्ध केले. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गावर तोपर्यंत खात्रीचा उपाय नव्हता. बाळंतरोगाने स्त्रिया जात, घसा सुजून मुले जात, साध्या जखमेतून रक्तात विष भिनत असे. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले की शरीरात प्रोन्टोसिलचे विघटन होते आणि त्यातून सुटणारे सल्फानिलमाइड हेच खरे औषध आहे.

सल्फानिलमाइड १९०८ मध्येच तयार झालेले होते आणि त्याच्या पेटंटची मुदत संपली होती. म्हणजे ते कोणीही बनवू शकत होते. १९३६ च्या अखेरीस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा या नव्या औषधाने बरा झाला, तेव्हा त्याची कीर्ती अमेरिकेत घरोघर पोहोचली. कारखान्यांमध्ये त्याच्या गोळ्या आणि कॅप्सूल बनवण्याची चढाओढ सुरू झाली.

पातळ औषधाची मागणी

टेनेसी राज्यातील ब्रिस्टल गावी मॅसेंगिल नावाची औषध कंपनी होती. गोळी गिळता न येणाऱ्यांसाठी, विशेषतः मुलांसाठी, हेच औषध पातळ स्वरूपात हवे, अशी मागणी कंपनीच्या विक्रेत्यांकडून आली. अडचण अशी होती की सल्फानिलमाइड पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाही. कंपनीचे मुख्य रसायनज्ञ हॅरोल्ड वॉटकिन्स यांनी निरनिराळी द्रावके वापरून पाहिली आणि डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये ते चांगले विरघळते असे त्यांना आढळले. त्यात रासबेरीचा स्वाद आणि गुलाबी रंग मिसळला गेला. बाटलीतल्या द्रवाचा सुमारे ७० टक्के भाग द्रावकाचा होता.

कंपनीच्या प्रयोगशाळेने या औषधाचे रूप, वास आणि चव तपासली. ते विषारी आहे का, हे तपासले नाही. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार तशी सक्तीही नव्हती. डायएथिलीन ग्लायकॉल प्राण्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते, असे निष्कर्ष तोवर शास्त्रीय नियतकालिकांत येऊ लागले होते, पण त्यांचा शोध कंपनीत कोणी घेतला नाही. थोड्या उंदरांवर किंवा सशांवर काही दिवस प्रयोग केला असता, तरी धोका ध्यानात आला असता.

सप्टेंबर १९३७ मध्ये 'एलिक्झिर सल्फानिलमाइड' या नावाने २४० गॅलन औषध देशभर रवाना झाले.

थेंबाथेंबाचा शोध

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथून पहिली बातमी आली. औषध घेतलेल्या मुलांची लघवी बंद होत होती, ओटीपोटात तीव्र वेदना होत होत्या, ओकाऱ्या, ग्लानी आणि मग मृत्यू. तेथील डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनला तार केली. संघटनेच्या प्रयोगशाळेने नमुना तपासून विषारी घटक डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे निश्चित केले आणि वृत्तपत्रांतून व रेडिओवरून इशारा दिला.

कंपनीनेही औषध परत मागवणाऱ्या तारा पाठवल्या होत्या. पण औषध प्राणघातक आहे, हा मुख्य मुद्दाच पहिल्या तारांमध्ये नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आग्रह धरला, तेव्हा जिवाला धोका असल्याचे स्पष्ट सांगणाऱ्या तारा पुन्हा गेल्या. हा फरक लहान नाही. 'माल परत पाठवा' असे वाचणारा दुकानदार तो उद्या पाठवील. 'माणसे मरत आहेत' असे वाचणारा आत्ताच गिऱ्हाइकाच्या घरी धाव घेईल.

प्रशासनाने आपले जवळजवळ सगळे, म्हणजे २३९ निरीक्षक आणि रसायनज्ञ या कामी लावले. विक्रेते, दुकाने, दवाखाने, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांचा माग काढत ते एकेका बाटलीपर्यंत पोहोचले. काही दुकानांत गिऱ्हाइकाचा पत्ताच नोंदलेला नसे. एका तीन वर्षांच्या मुलाचे कुटुंब औषध घेऊन डोंगराळ भागात राहायला गेले होते. त्यांना शोधण्यासाठी प्रशासनातील एका रसायनज्ञाने स्वतःचे लग्न पुढे ढकलले.

२४० गॅलनांपैकी २३४ गॅलन आणि १ पाइंट औषध हाती लागले. उरलेले सहा गॅलनांपेक्षाही कमी, म्हणजे सुमारे २२ लिटर. आपल्या घरातल्या पाण्याच्या दोन बादल्यांइतके. तेवढ्या औषधाने शंभराहून अधिक माणसांचा जीव घेतला. नंतरच्या वैद्यकीय अभ्यासात ज्या ३५३ रुग्णांनी हे औषध घेतल्याची नोंद झाली, त्यांपैकी १०५ मृत्यू पावले. त्यांत ३४ मुले होती.

तीन माणसे, तीन उत्तरे

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. या मृत्यूंची जबाबदारी कोणी घेतली?

कंपनीचे मालक सॅम्युएल मॅसेंगिल यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. पण औषध बनवण्यात काही चूक झाली नव्हती, वैद्यकीय व्यवसायाकडून आलेली रास्त मागणी आम्ही पुरवत होतो, परिणामांची कल्पना येणे शक्य नव्हते आणि म्हणून आमच्याकडे जबाबदारी येत नाही, असा त्यांचा पवित्रा होता.

हे उत्तर चीड आणणारे आहे, पण त्यातले एक विधान अक्षरशः खरे होते. ठरलेले मिश्रण ठरल्याप्रमाणेच तयार झाले होते. दोष मिश्रण करण्यात नव्हता, ते निवडण्यात होता. ज्याला आज आपण आराखड्यातील दोष म्हणतो, तो त्या काळच्या कायद्याला दिसतच नव्हता. 'कल्पना येणे शक्य नव्हते' हे विधान मात्र खोटे ठरते. न तपासल्यामुळे कल्पना आली नाही आणि न तपासणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. अज्ञान आणि अज्ञानात राहण्याची निवड यांत फरक केला पाहिजे.

दुसरे उत्तर रसायनज्ञ वॉटकिन्स यांचे. द्रावकाची निवड त्यांची होती. खटल्याचे सावट असतानाच त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या मनावर किती ओझे असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण इतिहासाकडे पाहताना हेही विचारले पाहिजे की माल बाजारात घाईने आणण्याचा आणि चाचणीवर खर्च न करण्याचा निर्णय एकट्या रसायनज्ञाचा असतो का? कंपनीने सामूहिकपणे झटकलेली जबाबदारी एका माणसाने एकट्याने वाहिली, असेच हे चित्र आहे.

तिसरे उत्तर डॉक्टरांचे. मिसिसिपीतील एका डॉक्टरने लिहून ठेवले आहे की त्याने विश्वासाने दिलेल्या या औषधाने त्याचे सहा रुग्ण गेले आणि त्यांतला एक त्याचा जिवलग मित्र होता. कायद्याने या डॉक्टरवर कोणताही ठपका नव्हता. बाटलीवर द्रावकाचे नावसुद्धा छापलेले नव्हते. तरी ज्याचा दोष सर्वांत कमी, त्याला बोचणी मात्र तीव्र लागली. ज्याच्या हातात निर्णय होता, त्याने जबाबदारी नाकारली.

कायद्यातील एक शब्द

१९०६ च्या अमेरिकी कायद्यात लेबलवर खोटी माहिती देणे हा गुन्हा होता. विषारी औषध विकणे हा गुन्हा नव्हता. प्रशासनाला ही सारी जप्ती करता आली, ती एका शब्दामुळे. 'एलिक्झिर' म्हणजे अल्कोहोल असलेले औषध, असा औषधशास्त्रातील संकेत होता आणि या औषधात अल्कोहोल नव्हते. म्हणून लेबल खोटे ठरले. कंपनीने बाटलीवर 'द्रावण' असा शब्द छापला असता, तर कायद्याने तिचे काहीच बिघडले नसते. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला. तोही चुकीच्या लेबलबद्दल.

नव्या कायद्याचे विधेयक १९३३ पासून अमेरिकी संसदेत रखडलेले होते. टल्सातील एका आईने आपल्या मृत मुलीबद्दल राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. लोकमत तापले आणि जून १९३८ मध्ये कायदा झाला. नवे औषध बाजारात येण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा उत्पादकाने सादर केला पाहिजे, असे ठरले. म्हणजे सिद्ध करण्याचा भार मेलेल्यांच्या नातेवाइकांवरून विकणाऱ्यावर आला.

या घटनेला एक उपकथानक आहे. हे द्रावक कसे घातक ठरते याचा प्राण्यांवर अभ्यास करणाऱ्या शिकागो विद्यापीठातील गटात फ्रान्सेस ओल्डहॅम ही तरुण विद्यार्थिनी होती. पुढे विवाहानंतर त्या फ्रान्सेस केल्सी झाल्या आणि १९६० मध्ये अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज त्यांच्याकडे आला. कंपनीने वारंवार तगादा लावूनही, पुरावा अपुरा आहे म्हणून त्यांनी परवानगी दिली नाही. युरोपात या औषधामुळे हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. अमेरिका बऱ्याच अंशी वाचली. केल्सीबाईंचा ठामपणा वैयक्तिक होता, पण 'नाही' म्हणण्याचा अधिकार १९३८ च्या कायद्याने दिलेला होता. चांगली व्यवस्था आणि चांगला माणूस यांना एकमेकांची गरज असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

हे विष काम कसे करते?

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी थोडे रसायनशास्त्र. ग्लिसरीनच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये कार्बनचे ४, हायड्रोजनचे १० आणि ऑक्सिजनचे ३. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोड. डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही.

शरीरात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ग्लिसरीन हा आपल्या चरबीचाच घटक असल्यामुळे शरीर ते सहज वापरते. डायएथिलीन ग्लायकॉलवर यकृतातील विकरांची क्रिया होते. अल्कोहोलचे रूपांतर करणारेच हे विकर आहेत. त्यातून आम्ले तयार होतात. त्यांतील डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिकांतील पेशींमध्ये साठते आणि त्या पेशी मरतात. म्हणून पहिले ठळक लक्षण लघवी कमी होणे किंवा बंद होणे हे असते. लहान मुलांत शरीराच्या मानाने डोस मोठा पडतो, म्हणून ती लवकर बळी पडतात.

मुंबई, १९८६

१९३७ मध्ये कंपनीने हे द्रावक स्वतः निवडले होते. त्यानंतरच्या बहुतेक दुर्घटनांचे स्वरूप निराळे आहे. तेथे ते शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या नावाखाली शिरले. कारण साधे आहे. ते स्वस्त आहे आणि हुबेहूब दिसते.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असेच घडले. मेंदूतील किंवा डोळ्यातील वाढलेला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना तोंडावाटे ग्लिसरीन देण्याची पद्धत होती. त्या रुग्णांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली आणि १४ जण दगावले. पुरवलेले ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते.

राज्य सरकारने न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचे महत्त्व असे की तो एका पुरवठादारापाशी थांबला नाही. रुग्णालयाची खरेदी, मालाची तपासणी, अन्न व औषध प्रशासनातील परवाने, वरिष्ठ अधिकारी आणि मंत्री यांच्यापर्यंत त्याने धागा नेला. प्रत्येकाने आपले काम थोडे थोडे ढिले केले होते. 'पुढच्याने तपासले असेल' असे मागचा समजला आणि 'मागच्याने तपासले असेल' असे पुढचा. रुग्णापर्यंत पोहोचलेल्या बाटलीवर सगळ्यांच्या सह्या होत्या, पण ती कोणीच तपासलेली नव्हती.

हीच गोष्ट २००६ मध्ये पनामात मोठ्या प्रमाणावर घडली. चीनमधील पिंपे व्यापाऱ्यांच्या हातांतून स्पेनमार्गे पनामाला पोहोचली. वाटेत कागदोपत्री त्यांचे शुद्ध ग्लिसरीन झाले. एकाही टप्प्यावर चाचणी झाली नाही. सरकारी प्रयोगशाळेने त्यातून खोकल्याचे औषध बनवले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. १९७२ मध्ये मद्रास, १९९० च्या सुमारास बांगलादेश, १९९६ मध्ये हैती, १९९८ मध्ये गुरगाव, २०२० मध्ये जम्मू, अशी ही यादी लांबत जाते.

कंपनी म्हणजे कोण?

पूर्वी व्यापारात 'गिऱ्हाइकाने सावध राहावे' हे तत्त्व मानले जाई. विसाव्या शतकात ते मागे पडले. १९३२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने एका पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याच्या खटल्यात ठरवले की उत्पादकाचा गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार नसला, तरी त्याच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य उत्पादकावर आहे. बाटली बंद आणि अपारदर्शक होती. जे गिऱ्हाइकाला तपासताच येत नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकणार? औषधाला हे तत्त्व अधिकच लागू पडते.

भारतात औषधविषयक कायदा १९४० चा आहे. त्याच्या ३४ व्या कलमात आपल्या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. गुन्हा कंपनीने केला असेल तर कंपनी दोषी धरली जाते आणि त्या वेळी तिच्या कारभाराची जबाबदारी ज्या व्यक्तीवर होती तीही दोषी धरली जाते. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेपूर दक्षता घेतली होती, हे त्या व्यक्तीने सिद्ध केले तरच तिची सुटका होते. म्हणजे कायद्याने 'कंपनी की माणूस' असा पर्याय ठेवलेलाच नाही. दोघेही. २००८ च्या दुरुस्तीनुसार भेसळीच्या औषधाने मृत्यू झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूंबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

तरीही सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक मुले गेली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तमिळनाडूत बनलेल्या या औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण सुमारे ४८ टक्के आढळले. ते ०.१ टक्क्याहून जास्त असता कामा नये. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला आधी अटक झाली, कंपनीच्या मालकाला काही दिवसांनी. डॉक्टरांच्या संघटनेने विचारले की बाटलीतले विष डॉक्टरला कसे कळणार? प्रश्न रास्त आहे. त्याचबरोबर, त्या प्रकारची मिश्र औषधे ४ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी केंद्रीय सूचना २०२३ मध्येच निघालेली होती, हेही खरे आहे. एकाचा दोष दाखवला म्हणून दुसऱ्याचा पुसला जात नाही.

आमच्या मते जबाबदारी मोजण्याची कसोटी अशी असावी : धोका कोणाला कळू शकत होता, आणि तो थांबवण्याचे साधन कोणाच्या हातात होते? आईला कळू शकत नव्हता. डॉक्टरला बाटलीतले रसायन कळू शकत नव्हते, पण कोणत्या वयाला काय द्यावे हे कळू शकत होते. निरीक्षकाला कारखान्याची अवस्था कळू शकत होती. कारखान्यात प्रत्येक पिंपाची चाचणी शक्य होती आणि ती फार खर्चिकही नाही. या कसोटीवर सर्वांत मोठा वाटा उत्पादकाचा ठरतो, पण कोणाचाच वाटा शून्य होत नाही.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या वर्गात घनतेच्या पाठाबरोबर हा विषय घेता येईल. शुद्ध ग्लिसरीनची सापेक्ष घनता सुमारे १.२६ आहे, डायएथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२. डायएथिलीन ग्लायकॉल शाळेत आणायचे कारण नाही. औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन घ्यावे, त्याच्या काही भागात पाणी मिसळावे, दोन्ही नमुन्यांना फक्त क्रमांक द्यावेत आणि समान आकारमानाचे वजन करून शुद्ध नमुना कोणता ते मुलांना ओळखायला सांगावे. कोणीही चव घेऊ नये. मग विचारावे : घनता कमी आली तर नेमके काय मिसळले आहे हे कळते का? कळत नाही. पण हा माल लेबलवर लिहिल्याप्रमाणे नाही, एवढे निश्चित कळते. माल अडवून पुढच्या तपासणीला पाठवायला तेवढे पुरते.

दुसऱ्या तासाला फळ्यावर साखळी काढावी : रसायनाचा कारखाना, व्यापारी, औषधाचा कारखाना, निरीक्षक, घाऊक विक्रेता, दुकानदार, डॉक्टर, पालक. प्रत्येक गटाने एकेक भूमिका घ्यावी आणि दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. मला काय कळू शकत होते? मी काय थांबवू शकत होतो? 'ते माझे काम नव्हते' असे उत्तर आले तर शिक्षकांनी ते खोडू नये. फळ्यावर तसेच लिहून ठेवावे आणि मग ते काम कोणाचे होते, ते वर्गालाच शोधायला सांगावे.